तारेचा वळसा

हात झटकला गेला आणि बल्ब खाली पडून फुटला.

बत्तीकाकू स्टुलावरच मटकन बसल्या. उजवा हात कोपरापासून वर बधिर झाला होता आणि तोंडात लोखंड चाटल्यासारखी चव आली होती. डावा हात अजून भिंतीला टेकलेला होता. नुकतीच भांडी घासून आलेला, ओलाच.

"काय फुटलं गं?" आतल्या खोलीतून काकांचा आवाज आला.

"बल्ब. निसटला हातातून."

"लागलं नाही ना? काचांना हात लावू नकोस, मी येतो."

"काही नको यायला. बसा तुम्ही, मी भरते."

त्या उतरल्या. पॅसेजमधल्या बोर्डाजवळ जाऊन बटण पाहिलं. बंद होतं. बंद करूनच तर त्या वर चढल्या होत्या. कपाटातला टेस्टर घेऊन त्या पुन्हा स्टुलावर चढल्या आणि होल्डरच्या आतल्या टोकाला तो लावला. टेस्टरच्या पोटातला नारिंगी दिवा पेटला.

बटण बंद, आणि होल्डरात वीज.

काकूंना हे कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. लग्न झाल्यापासून सुट्टीच्या दिवशी नवऱ्याची शिडी धरायचं काम त्यांच्याकडे असे, आणि शिडीवरून काकांची टकळी चालू असे. "वीज म्हणजे काय गं, जाणार आणि परत येणार. परतीची वाट नसेल तर ती जागची हलत नाही. दिव्यापर्यंत घेऊन येते ती फेजची तार, परत नेते ती न्यूट्रलची. बटणानं नेहमी येणारी वाट अडवायची. परतीची अडवलीस तर दिवा विझेल, पण वीज दारात ताटकळत उभी राहील. मग जो हात लावेल त्याच्यातून जाईल." हे त्यांनी इतक्या वेळा ऐकलं होतं, की झोपेतसुद्धा म्हणून दाखवलं असतं.

आता वीज त्यांच्या बोटातून शिरून दुसऱ्या ओल्या हातानं भिंतीत गेली होती. स्टूल लाकडी होतं, भिंत दमट होती. वाट मिळाली होती.

हा बोर्ड काकांनी मागच्याच आठवड्यात उघडला होता. बटण सैल झालंय म्हणून नवं बसवलं होतं. आणि बसवताना दोन तारांची अदलाबदल केली होती. बत्तीकाकांनी! वस्तीत कुणाकडे अंधार झाला की लोक त्यांनाच हाक मारत. त्या नावापायी उभा जन्म शाळेची दप्तरं शिवण्यात गेलेल्या बाईलाही सगळे बत्तीकाकूच म्हणत. शिकाऊ पोरगासुद्धा करणार नाही अशी ही चूक होती.

काकूंनी मेन स्विच बंद केला, दुसरा बल्ब लावला, मेन चालू केला, काचा भरल्या. हात हे करत होते, डोकं भलतीकडेच होतं.

तशा खुणा दिसत होत्याच. चहात दोनदा साखर पडत होती. मुलीशी फोनवर बोलताना तोच विनोद लागोपाठ दोनदा सांगून झाला होता आणि मुलगी दोन्ही वेळा हसली होती. नंतर तिनं हळूच विचारलं होतं, "आई, बाबांना एकदा डॉक्टरांना दाखवायचं का?" काकू म्हणाल्या होत्या, "वय झालंय गं, चालायचंच." असं म्हटलं की गोष्ट मिटत असे. निदान त्या दिवसापुरती.

पण वीज वय बघत नाही. घरात ही चूक केली, तर बाहेर काय केलं असेल?

बाहेर! काकूंच्या हातातलं सुपलं तसंच राहिलं. मागच्या आठवड्यात काका पाळणाघरात जाऊन आले होते. मागच्या गल्लीतल्या ताई लहान मुलांचं पाळणाघर चालवत. त्यांना पाणी तापवायला मोठा बॉयलर घ्यायचा होता, त्यासाठी नवा पॉवर पॉइंट हवा होता. काका एकटेच गेले होते. काकूंच्या अंगावर दप्तरांची ऑर्डर होती. परत येऊन म्हणाले होते, "झक्कास काम झालं. बॉयलर आला की नुसती पिन खुपसायची."

काकूंनी ताईंना फोन लावला. पलीकडून एकाच वेळी तीनचार पोरांचा कालवा आला.

"काकू! शंभर वर्षं आयुष्य तुम्हाला. आत्ता काकांनाच फोन करणार होते. अहो, बॉयलर आलाय. सकाळीच लावला. पण तापतच नाहीये. बटण चालू ठेवलंय, पाणी थंडगार."

"ताई, ऐका, ते बटण आधी..."

"थांबा हं काकू, इथं एक जण आपटलं. लगेच करते मी." फोन बंद झाला.

काकूंनी पुन्हा लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. कुणी उचलेना.

तापत नाही. बटण चालू आहे. म्हणजे वीज निघाली आहे, पण जिथं पोचायला हवी तिथं पोचलेली नाही. मग ती कुठं आहे?

"कुणाचा फोन?" काका दारात उभे होते. चष्मा कपाळावर, अंगात घरातला सदरा.

"पाळणाघरातला. बॉयलर तापत नाही म्हणतात."

"न्यूट्रल सुटला असेल कुठंतरी." काकांचा चेहरा उजळला. काम आलं की तो नेहमी असाच उजळत असे. "चल, आणि माझी पिशवी घे."

"तुम्ही राहा घरी. मी जाऊन येते."

"तू जाऊन काय करणार? दप्तर शिवणार बॉयलरला?" स्वतःच्याच विनोदावर ते हसले आणि चपला शोधायला लागले.

वाद घालायला वेळ नव्हता. काकूंनी टेस्टर मुठीत धरला, काकांनी पिशवी खांद्याला लावली आणि दोघं निघाली. काका रमतगमत चालत होते. कोपऱ्यावरच्या दुकानदाराला त्यांनी हात केला. बत्तीच्या खांबाकडे बघून "ही तार लोंबतेय, कुणाचं लक्ष नाही" म्हणाले. काकू दोन पावलं पुढे जात, थांबत, पुन्हा पुढे जात. फोन कानालाच होता. वाजत होता, नुसता वाजत होता.

चौकात आल्यावर काका डावीकडे वळले.

"अहो, इकडे. उजवीकडे."

"पाळणाघर ना? डावीकडेच. पिवळ्या इमारतीत."

पिवळ्या इमारतीतून पाळणाघर हललं त्याला कितीतरी वर्षं झाली होती. नव्या जागेचं सगळं वायरिंग काकांनीच केलं होतं आणि शिडी काकूंनी धरली होती.

"ते जुनं झालं. आता तिकडे नाहीये."

"मला शिकवतेस?" काकांचा आवाज चढला. "अख्ख्या गावाच्या भिंतींत मी तारा घातल्यात आणि मला रस्ता सांगतेस?"

लोक बघायला लागले. काकूंनी नवऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. राग वरवरचा होता, खाली भीती होती. रस्त्यात हात सोडलेल्या मुलाच्या चेहऱ्यावर असते तशी. त्यांचा हात धरून, समजूत काढून, हळूहळू न्यायला हवं होतं. त्याला वेळ लागला असता.

"इथंच थांबा," काकू म्हणाल्या. "या कट्ट्यावर बसा. हलू नका. मी आले."

आणि त्या धावत सुटल्या. मागून "अगं ए!" अशी हाक आली. त्यांनी मागं वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर पाय अडखळले असते.

जिना चढून त्या वर आल्या तेव्हा पाळणाघराचं दार नुसतंच लोटलेलं होतं. पुढच्या खोलीत चटईवर मुलं बसली होती. ताई एका रडणाऱ्या मुलाच्या कपाळावर ओला रुमाल धरून बसल्या होत्या. फोन लांब कपाटावर पडला होता, वाजून वाजून गप्प झालेला. मागच्या बाजूला मोरीपाशी काम करणाऱ्या मावशी रबरी चपला घालून फरशी पुसत होत्या. आणि पुसलेल्या ओल्या फरशीच्या टोकाला, प्लॅस्टिकच्या स्टुलावर, तो नवा बॉयलर होता. स्टीलचा, लख्ख.

त्याच्यासमोर एक मुलगी उभी होती. अनवाणी. हात नुकतेच धुतलेले, कोपरांवरून पाणी ठिबकत होतं. फुगीर स्टीलमध्ये तिला स्वतःचा चेहरा रुंद दिसत होता आणि ती गाल फुगवून, डोळे मोठे करून त्याला वेडावत होती. मग तिनं बोट पुढे केलं. त्या रुंद नाकाला लावून बघायला.

काकूंच्या तोंडून किंकाळी फुटणार होती, ती त्यांनी दातांत धरली. दचकलेलं पोर आधारासाठी जवळ असेल तेच पकडतं. आणि जवळ तोच होता.

मेन स्विच दाराच्या मागं होता. त्या भिंतीची वीट न् वीट काकूंना माहीत होती. त्यांनी हात मागं नेला, चाचपलं, आणि सगळा जोर लावून खटका खाली ओढला.

खोलीतला दिवा गेला. पंखा घरघरत मंदावला.

मुलीचं बोट स्टीलला टेकलं. ती स्वतःच्या नाकावर बोट ठेवून खुदकन हसली.

"अगंबाई, लाईट गेली?" मावशी म्हणाल्या.

काकू दाराला धरून उभ्या होत्या. "ताई," त्या म्हणाल्या, "सगळी पोरं पुढं घ्या. त्या बॉयलरजवळ कुणाला जाऊ देऊ नका. मावशी, तुम्ही पण या इकडे."

"काय झालं काकू? तुम्ही पळत आलात? काका कुठायत?"

काय झालं ते काकूंनाही नक्की ठाऊक नव्हतं. कदाचित काहीच झालं नसेल. कदाचित नुसता न्यूट्रल सुटला असेल आणि म्हातारीनं उगाच अंधार करून मुलांना घाबरवलं, असं होईल. तसंच व्हावं असं त्यांना मनापासून वाटत होतं. त्या परत कट्ट्याकडे जायला वळल्या, तोच दारात काका आले. घामाघूम, मागोमाग कोपऱ्यावरचा दुकानदार. "काका चौकात उभे होते, मी घेऊन आलो," एवढं सांगून तो निघून गेला.

"मला रस्त्यात टाकून आलीस?" काका म्हणाले. मग त्यांची नजर दाराच्या मागं गेली आणि बाकीचं सगळं ते विसरले. "मेन कुणी पाडला?"

"मी. बॉयलर बघायचाय."

"मग चालू कर की. अंधारात काय कळणार?"

मुलं पुढच्या खोलीत बसवली होती. ताई मधल्या दारात आडव्या उभ्या राहिल्या. काकूंनी मेन वर केला. काकांनी काकूंच्या हातातून टेस्टर घेतला, पायातल्या रबरी चपलांकडे एकदा पाहिलं, डावा हात सवयीनं खिशात घातला आणि टेस्टरचं टोक बॉयलरच्या अंगाला लावलं.

नारिंगी दिवा पेटला. नुसत्या पत्र्यावर, लख्ख.

ताई भिंतीला पाठ लावून हळूच खाली बसल्या. "सकाळपासून," त्या म्हणाल्या. "सकाळपासून चालू आहे हा. मी स्वतः दोनदा पाणी भरलं."

"चप्पल होती ना पायात? म्हणून बसलीयस आज माझ्यासमोर." काका ताईंशी नेहमी मुलीशी बोलावं तसं बोलत. "आणि स्टूल प्लॅस्टिकचं. विजेला जमिनीत उतरायला वाट नव्हती. बसून होती, कुणी वाट देतंय का बघत."

त्यांनी मेन पाडला, टेस्टर लावून खात्री केली आणि पिशवीतून पेचकस काढला. सॉकेटचं झाकण निघालं. काका वाकून आत बघत राहिले, मग एकदम ताठ झाले.

"हे कुणी केलंय?"

ताईंनी काकूंकडे पाहिलं.

"मी विचारतोय, हे काम कुणाचं? हे बघ. वरचं मोठं भोक अर्थिंगचं. तिथं हिरवी तार यायची. यानं तिथं लाल लावलीय! फेज! आणि हिरवी खाली. म्हणजे पिन खुपसली की फेज सरळ बॉयलरच्या अंगावर. कॉइलमध्ये वीज गेलीच नाही, पाणी तापणार कुठून?" त्यांनी पेचकस त्या भोकाकडे रोखला. "आंधळ्यानं केलंय की दारू पिऊन? पोरांच्या घरात? असल्या माणसाच्या हातात पक्कड देणं म्हणजे माकडाच्या हाती कोलीत. नाव सांग त्याचं. जाऊन कानाखाली वाजवतो."

ताईंचे ओठ हलले. त्या शहाण्या होत्या, काय झालंय ते त्यांच्या लक्षात आलं होतं. "आला होता कुणीतरी, काका," त्या हळूच म्हणाल्या. "मला नाव नाही माहीत."

काकूंच्या छातीवरचं ओझं एकदम उतरलं. इतकं सोपं होतं! कुणीतरी आला होता. अनोळखी, नालायक, निघून गेलेला. काका आता तारा नीट करतील, दोन शिव्या घालतील, चहा पितील, घरी येतील. आणि उद्या कुणी हाक मारली की पिशवी उचलून निघतील.

पुढच्या खोलीत ती मुलगी दुसऱ्या कुणाला तरी गाल फुगवून दाखवत होती.

"नाही," काकू म्हणाल्या. "ताई, खोटं नका बोलू." मग नवऱ्याकडे वळल्या. "तुम्ही केलंय हे."

"काय?"

"मागच्या आठवड्यात. एकटेच आला होतात."

"वेड लागलंय का तुला?" काका हसले. हसू अर्ध्यावरच थांबलं. "मी? मी लाल तार वर लावेन?"

"तारा नीट बघा."

"बघितल्या."

"मागं बघा. खोबणीत."

काकांनी पेचकसाच्या टोकानं तारा बाहेर ओढल्या. तिन्ही तारा भिंतीतून येऊन तिथं एकेक छोटा वळसा घेऊन मग पुढं आल्या होत्या. दुसरे वायरमन तार मोजकी कापतात. काका नेहमी वीतभर जास्त ठेवत आणि तिचा गोल वळसा करून आत दडवत. कधी तार जळली, टोक तुटलं, तर पुढं येणाऱ्याची पंचाईत होऊ नये म्हणून. या भागात असा वळसा घालणारा एकच माणूस होता. वळसे सुबक होते, एकसारखे. हात चुकले नव्हते.

काकांनी एका वळशावरून बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं.

"माझाच आहे," ते म्हणाले.

भिंतीशी मुलांच्या बुटक्या खुर्च्यांची रांग होती. त्यांतल्या एका लाल खुर्चीवर ते बसले. गुडघे छातीपर्यंत आले. पेचकस हातातच होता. मावशींनी पाण्याचा पेला आणून पुढं धरला, तो त्यांनी घेतला आणि न पिता तसाच धरून ठेवला.

"मला आठवत नाही गं," ते शेवटी म्हणाले. "इथं आलेलंच आठवत नाही."

काकू त्यांच्यापुढं उकिडव्या बसल्या. वय झालंय, चालायचंच, हे वाक्य आता तोंडात येत नव्हतं.

"कुणाला लागलं का?"

"नाही."

"खरं सांग."

"खरंच नाही. एका पोरीनं बोट लावलं, पण तोवर मी मेन पाडला होता."

काकांनी डोळे मिटले. उघडले तेव्हा ते मुलांच्या खोलीकडे बघत होते, कोणती पोरगी ते शोधत असावेत. त्यांनी विचारलं नाही आणि काकूंनी दाखवली नाही.

मग त्यांनी पेचकस काकूंपुढं धरला.

"तू लाव."

"मी?"

"शिडी धरून धरून अर्धी वायरमन झालीयस तू. मी सांगतो, तू कर. पण डोळे झाकून ऐकू नकोस. मी चुकलो तर थांबव."

काकूंनी मेनकडे एकदा पाहिलं. बंद होता. टेस्टर लावून तिन्ही टोकं पाहिली. दिवा पेटला नाही. त्या भिंतीशी गुडघे टेकून बसल्या. दप्तराला जाड सुई घालणारी त्यांची बोटं मजबूत होती, पण आज स्क्रूच्या खाचेत पेचकस बसेना.

"घाई नाही," खुर्चीवरून काका म्हणाले. "आधी सगळं सोड. हां. आता हिरवी."

"हिरवी कुठं?"

काकूंनी मागं वळून पाहिलं. काकांच्या कपाळावर आठ्या पडल्या होत्या, ओठ हलत होते. ज्या हातांनी घराघरांत हे केलं होतं त्या हातांचे अंगठे हवेत किंचित हलत होते.

"खाली..." ते म्हणाले. "उजवीकडे..."

काकू थांबल्या. तार हातात धरून, नवऱ्याकडे बघत, गप्प.

"नाही," काका म्हणाले. "नाही नाही. हिरवी वर. अर्थिंग वर. खाली उजवीकडे लाल, डावीकडे काळी. असंच ना?"

"असंच."

"तुला माहीत होतं?"

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही येत होतात तिथं. वाट बघत होते."

काकांनी मान खाली घातली. मग म्हणाले, "पुढच्या वेळी वाट बघू नकोस."

तारा लागल्या. वळसे काकूंनी पुन्हा आत दडवले, होते तसेच. झाकण बसलं, मेन वर गेला, टेस्टर पत्र्याला लागला आणि पेटला नाही. काकांनी तो स्वतः आणखी दोन ठिकाणी लावून पाहिला. थोड्या वेळानं बॉयलरमधून बारीक सूं असा आवाज यायला लागला. मावशी झाकणावर कान देऊन म्हणाल्या, "तापतंय बाई."

ताईंनी चहा केला. कुणाला फारसा गेला नाही.

"आणखी कुठं कुठं गेलो होतो मी?" जिना उतरताना काकांनी विचारलं. जिन्याच्या कठड्याला त्यांनी घट्ट धरलं होतं.

"आपल्या पॅसेजमध्ये एक बटण आहे. आणि शिंप्याकडे. आणि त्या पोस्टातल्या निवृत्त साहेबांकडे."

"पॅसेजमध्ये काय झालं?"

काकूंनी सांगितलं. बल्ब का फुटला तेही सांगितलं. काका जिन्यातच थांबले. काकूंचा उजवा हात त्यांनी आपल्या हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला, बोटाच्या टोकावरचा लालसर ठिपका पाहिला. तो हात मग सोडलाच नाही. चौकापर्यंत दोघं तशीच आली.

"घरचं नंतर," चौकात ते म्हणाले. "आधी लोकांचं. अंधार पडायच्या आत."

शिंप्याच्या दारात काकू बोलायला पुढं झाल्या, तर काकांनी त्यांना हातानं मागं केलं. "मी केलेलं काम तपासायला आलोय," ते शिंप्याला म्हणाले. "अलीकडे माझ्या हातून चुका होताहेत."

शिंपी गोंधळला. "काका, तुमच्या हातून? काहीतरीच काय."

"हो, माझ्या हातून. जरा मशीन बंद करा."

शिंप्याकडचं काम चोख निघालं. तिन्ही तारा जागच्या जागी, वळसे जागच्या जागी, स्क्रू घट्ट. काकूंना वाटलं होतं की बरं वाटेल. पण काका बाहेर येऊन म्हणाले, "बघ. कधी बरोबर, कधी चूक. सगळंच चुकलं असतं तर बरं झालं असतं. मला स्वतःलाच ओळखता येत नाहीये."

निवृत्त साहेब एकटेच राहत. काकांना बघून त्यांना आनंद झाला, कारण कुणीही आलं की त्यांना आनंद होत असे. काकांनी इथंही तेच वाक्य म्हटलं. साहेबांना कमी ऐकू येई म्हणून दोनदा म्हणावं लागलं, दुसऱ्यांदा मोठ्यानं. शेजारच्या दारातून एक बाई डोकावली. काकांनी आवाज कमी केला नाही.

झोपायच्या खोलीतलं दिव्याचं बटण न्यूट्रलवर निघालं. घरच्यासारखंच. काकूंनी मेन बंद करून त्याच्या तारा बदलल्या. काका शेजारी उभं राहून सांगत होते, आणि या वेळी एकदाही अडले नाहीत.

"काका, आलाच आहात तर," साहेब म्हणाले, "बाहेरच्या खोलीतला पंखा टिकटिक करतोय. रात्रंदिवस. एवढा बघता का?"

तिघं बाहेरच्या खोलीत आली. पंखा फिरत होता, आणि दर फेरीला एकदा टिक असा आवाज येत होता. काका मान वर करून ऐकत उभे राहिले. खालून, नुसत्या कानांनी.

"वरची वाटी सैल झालीय," ते म्हणाले. "दांडीला घासतेय. एक स्क्रू आवळला की गप्प बसेल."

"मग स्टूल आणू?"

काकू बघत होत्या. काकांनी दोन्ही हात पाठीमागं नेले होते आणि एका हातानं दुसऱ्याचं मनगट पकडलं होतं. बोटांची नखं पांढरी पडली होती.

"दुसऱ्या कुणाकडून करून घ्या, साहेब," ते म्हणाले. "मी आता काम करत नाही."

"काय म्हणालात?"

"काम करत नाही आता!" काका मोठ्यानं, शब्द न् शब्द सुटा करून म्हणाले. "बंद केलं!"

साहेबांनी मान डोलवली. मग उगाच आवाज नको म्हणून त्यांनी भिंतीवरचं बटण बंद केलं. पंख्याची टिकटिक हळू झाली. फेऱ्या लांबत गेल्या, पाती वेगवेगळी दिसायला लागली. काका हात पाठीमागं धरूनच, पंखा पूर्ण थांबेपर्यंत वर बघत होते.